वजनाचा काटा हलेना

॥ श्री ॥
भटवाडी, घाटकोपर
ता. २ ऑक्टोबर १९८५

ती. शेवंतीताईस,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गणपतीच्या आधी आलं आणि उत्तर मी आज देतेय. आधी रागावून घे, मग पुढे वाच. यंदा गणपतीला गावी येणं झालंच नाही. आपल्या नंदूला सोडून कशी येणार? आठवड्यातून दोनदा त्याला हॉस्पिटलात मशीनवर घालतात, रक्त साफ करून पाठवतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. जेवणात मीठ नाही, डाळ बेताची, फळ नाही. तिशी न गाठलेला पोरगा, पण मागून पाहिलं तर आपले बाबाच चाललेत असं वाटतं.

तुझं रक्त जुळलं नाही तेव्हा तू हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडलीस. माझं जुळलं म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. पण पुढचं तुला नीट कळवलं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले की किडनी तुमचीच घेऊ, पण या वजनावर नाही. पोटावर चरबी फार, भूल देताना धोका, टाके भरायला धोका, आणि धडधाकट बाईला आम्ही धोक्यात घालत नसतो. आधी वजन उतरवून या.

उतरवलं गं. पहिले दोन महिने सरसर उतरलं. ब्लाउज ढगळे झाले, शेजारच्या राधाबाई विचारायला लागल्या की काय करतेस. आणि श्रावणापासून जे अडलंय ते अडलंयच. काटा तिथून हलत नाही. म्हणून मी आणखी कमी केलं. आता सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि मीठ लावलेली काकडी, संध्याकाळी पेज. तीही म्हणजे नुसतं वरचं पाणी. साकीनाक्याच्या कारखान्यातल्या लोकांचे डबे मी अजून करते. दिवसभर दुसऱ्यांच्या भाज्या ढवळायच्या आणि आपण आवंढा गिळायचा. दुपारी डबे गेले की अंग असं जड होतं की बसल्या जागेवरून उठवत नाही.

हे काही बोलत नाहीत. संप फसला, गिरणी गेली, तेव्हापासून तसे कमीच बोलतात. पण परवा मी वजन करून आले तेव्हा यांनी डब्यांच्या पातेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बोलले असते तर बरं झालं असतं.

भावोजींची पाठ कशी आहे? सासूबाईंना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं रडगाणं गायलं, तो तसाच राहू दे.

तुझी,
सुगंधा


॥ श्री ॥
मुणगे, ता. देवगड
ता. १५ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. सुगंधास,
शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्यांची पाठ आहे तशीच. भात कापणीला आलाय आणि घरात वाकणारी मी एकटी, म्हणून मुंबईला येता येत नाही. नाहीतर तुझ्या उशाशी येऊन बसले असते.

मी स्पष्ट विचारते, राग मानू नको. न खाता वजन तसंच राहील कसं? वारा खाऊन कोणी जाडं होत नाही. तू लहानपणी आंबोळ्या करताना पहिल्या चार तव्यावरच संपवायचीस आणि आईला सांगायचीस की पीठच कमी होतं. डबे करताना मीठ बघायला म्हणून घास तोंडात जात असेल, तुला कळतही नसेल. हाताला सवय असते. आता हात आवर. सोमवार आणि गुरुवार कडक धर. पेजही नको, नुसतं ताक घे. दोनच महिन्यांचा प्रश्न आहे.

आई गेली तेव्हा नंदू माझ्या कडेवर होता. त्याला मी चालायला शिकवलं. तो भिंतीकडे तोंड करून पडतो हे तू लिहिलंस आणि मला दिवसभर जेवण गेलं नाही.

कुळथाचं पीठ मुंबईला निघालेल्या सहदेवच्या मुलासोबत पाठवते, ते दशरथरावांसाठी. तू खाऊ नको. घरात सर्वांना आशीर्वाद आणि तुला थोडा जास्त.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
घाटकोपर
ता. ९ नोव्हेंबर १९८५

ती. ताईस,
सुगंधाचा सा. नमस्कार.

आंबोळ्यांची आठवण काढलीस ते वाचून हसले आणि मग हसू गेलं. ताई, मी चोरून खात नाही. एवढंच लिहिते.

तू सांगितलंस तसं ताकावर राहिले. दुसऱ्या गुरुवारी नळावरून पाणी घेऊन चढण चढत होते, डोळ्यांपुढे काळं आलं आणि हंड्यासकट खाली बसले. हंडा घरंगळत किराणावाल्याच्या दारापर्यंत गेला. राधाबाईंनी धरून घरी आणलं. कोपर सोलवटलंय, बाकी काही नाही. पण दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात रक्त तपासलं तर ते इतकं कमी भरलं की मोठे डॉक्टर फाइल बंद करून म्हणाले, अशा अशक्त बाईची किडनी मी काढू शकत नाही. म्हणजे आधी वजन जास्त होतं म्हणून नको आणि आता रक्त कमी आहे म्हणून नको. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. रडायलाही जोर लागतो गं.

त्यांनी मला खालच्या मजल्यावर आहार सांगणाऱ्या अनुपमाबाईंकडे पाठवलं. आपल्याच वयाची बाई, चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलावर शोधणारी. तिने सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाते, किती चालते, झोप कशी, पाळी कशी, सगळं विचारलं. मी सांगत गेले. मला वाटलं आता ही ताकही बंद करणार. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही खायला लागा. जास्त खा."

मी म्हटलं, थट्टा करू नका. ती थट्टा करत नव्हती. तिचं म्हणणं असं की इतके महिने उपाशी ठेवल्यावर अंग काटकसर करायला शिकतं. मिळेल त्यात भागवतं. हातपाय जड पडतात, माणूस पडून राहतो, अंगातलं मांस झिजतं, अंगात पाणी साठतं आणि काटा आहे तिथेच राहतो. तुम्हाला वाटतं चरबी हटत नाही, पण तुम्ही हलणंच बंद केलंय. सकाळी भाकरी आणि उकडलेलं अंडं, दुपारी भाकरी, वाटीभर डाळ, पालेभाजी, मासळीचा तुकडा, चार वाजता मूठभर भिजवलेले चणे, संध्याकाळी पुन्हा नीट जेवण. तळलेलं आणि साखर नको. आणि दोन्ही वेळा चालायचं. पहिल्यांदा वजन थोडं वाढेल, घाबरू नका, असंही म्हणाली.

घरी येऊन ताट वाढून घेतलं खरं, पण समोर नंदू बसलेला. त्याच्या ताटात अळणी भात. मी डाळीची वाटी तोंडाला लावायची आणि त्याने ते पाहायचं. मी ताट उचलून आत नेलं. आता मी स्वयंपाकघरात दार लोटून जेवते, म्हणजे खरंच चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.

आठवड्याने काट्यावर उभी राहिले. वजन वाढलं होतं. हे बाहेर बिडी ओढायला गेले ते बऱ्याच वेळाने आले.

दिवाळीला काही करणार नाही. लोभ कमी करू नको, सध्या तेवढंच पचतंय.

तुझी,
सुगंधा


॥ श्री ॥
मुणगे
ता. २३ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. सुगंधास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शहरातली माणसं शिकून वेडी झाली. भावाचा जीव टांगणीला लागलाय, डॉक्टरांनी वजन उतरव म्हणून सांगितलंय आणि तू दार लोटून अंडी आणि मासे खातेस. वर वजन वाढलं म्हणून मलाच कळवतेस. मी लोकांना काय सांगू? इथे जो तो विचारतो, आपरेशन कधी.

सुगंधा, मी मोठी बहीण म्हणून एक विचारते. तुझ्या मनात भीती असेल तर सांग. पोट फाडून घ्यायचं, आपल्या अंगातलं काढून द्यायचं, कोणालाही भीती वाटेल. तुला दोन मुलींची लग्नं करायची आहेत. तू नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही. पण तसं सरळ सांग. हे खाण्याचं निमित्त करून दिवस काढू नको. नंदूकडे तेवढे दिवस नाहीत.

जास्त लिहवत नाही. आशीर्वाद आहेत, ते मी मागे घेणार नाही.

ताई


घाटकोपर
ता. ११ डिसेंबर १९८५

ती. ताईस,
नंदूचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे. हात सुजलेला आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

तुझं पत्र सुगंधाबायने वाचलं, घडी घालून डब्यात ठेवलं आणि जेवण सोडलं. डबे करायची, भरायची, पाठवायची आणि भिंतीला टेकून बसायची. मी विचारलं तर म्हणाली पोट भरलंय. मग मी तो डबा उघडून तुझं पत्र काढलं आणि वाचलं. ताई, तू बरोबर नाही केलंस.

तुला वाटतं ती टाळतेय. मी इथे राहतो, मी बघतो. मे महिन्यापासून ही बाई भुकेली आहे. केस हातात येतात तिच्या. अंथरुणातून उठताना आधी एका कुशीवर वळते, मग भिंत धरते, मग उठते. मीपण तसाच उठतो. एका खोलीत दोन आजारी माणसं झाली होती आणि त्यातलं एक माझ्यासाठी आजारी होतं. मी तिला कितीदा सांगितलं की नको देऊ, मशीनवर चाललंय तेवढं चालेल. ती ऐकत नाही.

त्या दिवशी मी तिचं ताट वाढलं. भाकरी, डाळ, बांगड्याचा तुकडा, सगळं. तिच्यासमोर बसलो आणि दार उघडंच ठेवलं. मी म्हटलं, "बाय, तू उपाशी राहून मला जे देशील ते पण उपाशीच असेल. मला तसलं नको. तू जेवली नाहीस तर मी उद्या मशीनवर जाणार नाही." मी खरंच गेलो नसतो, हे तिला कळलं. मग जेवली. रडत जेवली, पण जेवली. तिला खाताना बघून मला त्रास होतो असं तिला वाटत होतं. ताई, मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. कोणीतरी नीट जेवतंय घरात.

तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसतो. दशरथभावोजी रोज सकाळी तिला खालच्या रस्त्यापर्यंत चालवत नेतात, बोलत काही नाहीत, बाजूने चालतात. आता ती चढण न थांबता चढते. आणि काल वजन करून आली. काटा खाली आलाय. फार नाही, पण श्रावणानंतर पहिल्यांदा. रक्तपण वाढलंय. अनुपमा मॅडम म्हणाल्या, असंच चालू द्या, घाई नको.

तू मला चालायला शिकवलंस, ते मी विसरलो नाही. म्हणूनच तुला हे लिहू शकतो. तिला पत्र लिही, पण नीट लिही.

मी खूप दमलोय ताई. आता थांबतो.

तुझा,
नंदू


॥ श्री ॥
मुणगे
ता. २ जानेवारी १९८६

चि. सौ. सुगंधास,
शेवंतीचे अनेकानेक आशीर्वाद.

माझं मागचं पत्र चुलीत घाल. नंदूचं पत्र आलं तेव्हा मी खळ्यात होते. सासूबाईंनी विचारलं काय लिहिलंय, तर मला वाचून दाखवता येईना. मीच थोडक्यात सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "पोटाक मारून भावाक कशी जगवतली? जेवांदे तिका."

सुके बांगडे, नाचणीचं पीठ आणि वाल पाठवतेय. हे तुझ्यासाठी आहे, दुसऱ्या कोणासाठी नाही. दोन घास जास्त खा आणि मला काय खाल्लंस ते कळव. वजन कळवू नको.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
घाटकोपर
ता. ६ एप्रिल १९८६

ती. ताईस,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

यांनी केलेली तार आणि दोन कार्डं तुला मिळालीच. माझ्या हाताने लिहिलेलं हे पहिलं. बसून लिहिताना टाके ओढतात, म्हणून उशीवर वही ठेवून लिहितेय.

फेब्रुवारीत मोठ्या डॉक्टरांनी मला पुन्हा तपासलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत मी पोचले नव्हतेच. थोडं बाकी होतं. पण रक्त भरलेलं, दम टिकलेला, हे पाहून म्हणाले, आता घेऊ. अनुपमाबाई वर वॉर्डात येऊन भेटून गेल्या. मी भूल उतरल्यावर पहिलं काय विचारलं ते मला आठवत नाही. हे सांगतात की मी विचारलं, नंदूला जेवायला मिळालं का.

पहिले काही दिवस वाईट गेले. माझी किडनी त्याच्यात गप्पच बसली होती. डॉक्टर म्हणायचे कधी कधी वेळ लागतो, पण आमच्याकडे न बघता म्हणायचे. मला घरी सोडलं तेव्हाही तो आत काचेमागे होता. मग एके दिवशी सकाळी हे हॉस्पिटलातून आले, दारात चपला काढता काढता म्हणाले की सुरू झाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. गिरणी गेली तेव्हा रडले नव्हते.

गोळ्या त्याला जन्मभर घ्याव्या लागतील. डॉक्टर पुढच्या वर्षाचं वचन देत नाहीत. मी मागतही नाही. लोक भेटायला येतात आणि विचारतात, एवढं मोठं दान केलं, कसं वाटतंय. मी सांगते, दमायला झालंय. त्यांना ते आवडत नाही, काहीतरी मोठं ऐकायला आलेले असतात. पण ताई, खरं तेच आहे. सगळ्या वर्षाचा थकवा आत्ता अंगात उतरलाय.

काल नंदूला घरी आणलं. टॅक्सी खालच्या रस्त्यावर थांबली. वर गाडी चढत नाही. हे म्हणाले खुर्चीत बसवून चौघं उचलून नेऊ, तर तो नको म्हणाला, चालतो म्हणाला. मीही खाली गेले होते, सगळे ओरडत असताना. तो काठी टेकत आणि मी पोटाला हात धरून, असे निघालो. अर्ध्या वाटेवर दोघांनाही धाप लागली. किराणावाल्याच्या पायरीवर बसलो. भर दुपार, वरून ऊन, समोर पोरं गोट्या खेळत होती. हे सामान घेऊन पुढे गेले. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर भार आला. बघते तर नंदू झोपला होता, तोंड उघडं टाकून, लहान असताना झोपायचा तसा. किराणावाल्याने खुणेने विचारलं, उठवू का. मी मान हलवली, नको म्हटलं. हे परत शोधत आले आणि तेही शेजारी बसले. किती वेळ बसलो कोण जाणे. मुलींनी वरून हाका मारल्या तरी आमच्यातलं कोणी उठलं नाही.

उन्हाळ्यात कामं आटपली की ये. सासूबाईंना आणि भावोजींना नमस्कार. तुझ्या लोभाची मला सवय आहे, ती मोडू नको.

तुझी,
सुगंधा