अधांतरी गोल

१९ सप्टेंबर २००८

तो हवेत तरंगणारा पृथ्वीचा गोल आज पुन्हा पडला. सव्वाअकराला लाइट गेली आणि धप्प! सुमेधाने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "पडला का?" म्हटलं, नाही, उडाला. बोलल्यावर वाईट वाटलं.

खाली उशी ठेवली आहे. तरी ती प्रत्येक वेळी धावत येते, गोल उचलते आणि पदराने पुसते. मग दोन्ही हातांत धरून बसते, लाइट येईपर्यंत.

आमच्या पोराचं, हर्षूचं, जहाज चाच्यांनी पकडल्याला आता काही दिवस झाले. कंपनीच्या ऑफिसातून एक साहेब मोबाईलवर फोन करतात. "बोलणी चालू आहेत, काका. धीर धरा." धीर काय धरायचा? हाताला लागेल असं काही तरी द्या धरायला!

२१ सप्टेंबर

काही नाही. फोन नाही. टीव्हीवर क्रिकेट.

२७ सप्टेंबर

हर्षूने हा गोल मागच्या सुट्टीत सिंगापूरहून आणला. थर्ड इंजिनीअर झाल्याची खुशी. मी म्हटलं होतं, एवढ्या पैशांत मिक्सर आला असता. काय हे माझं तोंड!

त्याने इथेच बसून समजावलं होतं. वरच्या वाकड्या दांडीत विद्युतचुंबक. गोलाच्या आत, उत्तर ध्रुवाखाली, साधा चुंबक. आणि एक सेन्सर — त्याचं काम फक्त लक्ष ठेवायचं. गोल केसभर वर सरकला की करंट कमी, केसभर खाली आला की जास्त. सेकंदाला शेकडो वेळा. जास्त वर नेला तर दांडीला चिकटतो, कमी पडला तर खाली. दोन्ही हातांनी वर न्यायचा, ओढ जाणवली की हात अलगद काढायचे. सुमेधाला पहिल्या फटक्यात जमलं. मला आजतागायत नाही. मी हात फार लवकर काढतो.

"बाबा, तो तरंगत नाही," हर्षू म्हणाला होता. "तो सारखा पडतच असतो. सारखा झेलला जातो, एवढंच."

तेव्हा मी पेपर वाचत होतो. अर्धवट ऐकलं. आता दिवसभर तेच ऐकू येतं.

२ ऑक्टोबर

सुमेधाला म्हटलं, लाइट जायच्या वेळेआधी खाली काढून ठेवत जा ना. नाही म्हणाली. "हर्षूने लावलाय. तोच येऊन काढेल." लोडशेडिंगचं वेळापत्रक म्हणजे तर थट्टाच आहे. तुळिंजला एक, आचोळ्याला दुसरं, आणि आमच्या बिल्डिंगला दोन्ही!

८ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज मी फार वाईट वागलो.

सकाळी सुमेधाने घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडली. विळी, शिवणयंत्राची कात्री, माझा टेस्टर, हर्षूचा जुना पान्ह्यांचा डबा. हळदीकुंकू, फुलं. मग गोलाकडे गेली. "हेही त्याचंच यंत्र ना?" — आणि उत्तर ध्रुवावर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. वजन वाढलं, गोल खाली. लाइट असताना! उशीच्या कडेला लागून फरशीवर. अरबी समुद्रात चेपला.

मी ओरडलो. अक्कल आहे का, देव आहे का तो, वगैरे. तिने गोल उचलून घेतला. त्या चेपल्या जागेवर अंगठा फिरवत राहिली. जहाज त्याच बाजूला कुठेतरी आहे.

मी चाळीस वर्षं कशाला नमस्कार केलेला नाही. पण तो गोल पडताना बघितला की माझेही हात झेलायला पुढे होतात. हे तिला कसं सांगू?

९ ऑक्टोबर, दसरा

सणाला लाइट जाणार नाही म्हणाले होते. गेलीच!

पण आज गोल पडला नाही. मी युक्ती केली. हॉलमधला एकच पॉइंट इन्व्हर्टरवर आहे, त्यावर कॉर्डलेस फोन असतो. फोनचा प्लग काढला, गोलाचा लावला. लँडलाइनवर येतं काय? पॉलिसीवाले. कंपनीचे साहेब मोबाईलवरच करतात.

घरात पंखे थांबले, खाली पाण्याचा पंप थांबला, आणि गोल तसाच हवेत. सुमेधा बाहेर येऊन बघतच राहिली. आपट्याचं पान माझ्या हातात दिलं. "सोनं घ्या." कितीतरी दिवसांनी हसली. मला फार बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

उमेळ्याहून क्लेमेंटीनचा मोबाईलवर फोन. तिचा नवरा सेबॅस्टियन त्याच जहाजावर कुक आहे. मीच उचलला.

"अंकल, दसऱ्याला सेबॅस्टियन बोलला माझ्याशी! त्या लोकांनी सगळ्यांना एकेक फोन लावून दिला. मी विचारलं, पानी तरी देतात का? म्हनाला, देतात." मग आवाज बारीक केला. "हर्षूनं पन लावलेला घरी. मोबाईल काढून घेतलेत ना, तुमचा लँडलाइनच त्याला पाठ. रिंग जात होती म्हने. कोनी उचलला नाही."

किती वाजता, विचारलं. अकरानंतर, म्हणाली.

बेसला करंट नसला की आपल्याकडे फोन मुका. पलीकडे मात्र रिंग वाजत राहते. हे मला माहीत होतं. मला हे माहीत होतं!

१५ ऑक्टोबर

एक्स्टेन्शन बोर्ड तुळिंजच्या कुठल्याही दुकानात मिळतो. एकाच पॉइंटवर दोन्ही प्लग चालले असते. मी आणला नाही.

१८ ऑक्टोबर

सुमेधाला सांगितलेलं नाही. क्लेमेंटीनशी बोलणं झाल्या झाल्या फोनचा प्लग जागेवर लावला होता. "आता गोल पडेल ना?" तिने विचारलं. म्हटलं, पडू दे. ती माझ्याकडे बघत राहिली.  मग स्वतःच गोल उतरवून उशीवर ठेवला.

मी हॉलमध्येच बसतो. बाथरूमला जातानाही कॉर्डलेस सोबत. पोरगा तिकडे रिंग ऐकत उभा होता, आणि मी इकडे गोलाकडे बघून खूश! कोणाला सांगू?

२३ ऑक्टोबर

लाइट गेलेली होती. फोन वाजला. मी बटण शोधेपर्यंत सुमेधानेच हातातून घेऊन उचलला. स्पीकर लावला.

हर्षू! आवाज बसलेला. "आई, मी बरा आहे. दसऱ्याला फोन केला होता गं, कुठे होतात?"

मी डोळे मिटले.

"अरे, बाजारात गेलो होतो," सुमेधा म्हणाली. "झेंडू आणायला. बाबाही होते बरोबर."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "बाबा भावावरून भांडत असतील, म्हटलं. तेवढ्यावर काढले बघ इतके दिवस."

मग कट.

दसऱ्याला आम्ही दोघंही घरातच होतो. ती फोन जागेवर ठेवून माझ्याकडे वळली. "क्लेमेंटीनने मलाही केला होता फोन," म्हणाली. "जेवून घ्या आता."