सुनेची मुलाखत

सर,

माझ्या सुनेला नोकरी लागली. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात, मनुष्यबळ विभागात. हल्ली सगळे त्याला एचआर म्हणतात, आपल्या काळी पर्सोनेल म्हणत. ही बातमी ऐकून कोणत्याही सासऱ्याला जे वाटावे ते मलाही वाटले. परंतु त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट वाटली आणि ती अजून कमी झालेली नाही. मला तिचा हेवा वाटतो. हे घरात कोणाला सांगता येण्याजोगे नाही. मुलाला फोनवर सांगू शकत नाही, आणि जिला सांगितले असते ती आता भिंतीवरच्या तसबिरीत आहे. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की तुमच्या रागाची भीती आता वाटायला नको. तरीही प्रत्येक वाक्य लिहून झाले की मी ते पुन्हा एकदा वाचून पाहतो.

नवी पेठेच्या मागच्या बोळातले तुमचे घर मला आजही डोळे मिटून फिरता येईल. संध्याकाळी शिकवणीला येणारे आम्ही दोघेच, मी आणि माझा तो वर्गमित्र. बैठकीत तुमची आरामखुर्ची, पलीकडे स्वयंपाकघर आणि तिथून येणारा काकूंच्या धपाट्यांचा वास. तुमचा नियम एकच होता. इंग्रजी वाक्य डोक्यात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उभे राहिल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. मध्ये अडखळलो, काळ चुकला, की तुम्ही दाराकडे बोट दाखवत असा. “बाहेर जा. वाक्य तयार झाले की घेऊन ये.” मी उठून पायरीवर जाऊन बसे. अजूनही बसलेला आहे असे वाटते. बोळातून सायकली जात आहेत, समोरच्या घरात कोणी तरी बादली आपटते आहे आणि मी वाक्य जुळवतो आहे. आतून त्याचा आवाज येतो आहे. तो अखंड बोलतो आहे, क्रियापदे वाटेल तशी फेकतो आहे, आणि तुम्ही हसता आहात. “चालू दे, चालू दे,” म्हणता आहात. वाक्य घेऊन मी आत येतो तोवर विषय बदललेला असतो, आणि त्याच्या ताटलीत दुसरे धपाटे पडलेले असते. मॅट्रिकला इंग्रजीत मी शाळेत पहिला आलो तेव्हा तुम्ही स्वतःचा शब्दकोश मला दिलात. तो मी आजवर जपला आहे. पण खरे सांगायचे तर मला त्या वेळी शब्दकोश नको होता. मला तुम्ही एकदा तसे हसायला हवे होतात. त्याला तुम्ही एकदाही बाहेर का पाठवले नाहीत, हे विचारायचे राहून गेले. तो सुधारण्याच्या पलीकडचा आहे असे तुम्हाला वाटत होते, की त्याचे बोलणे ऐकायला तुम्हाला आवडत होते? दोन्हीपैकी कोणतेही उत्तर दिले असते तरी मला ते सोसलेच नसते.

पुढे सूतगिरणीत पर्सोनेल खात्यात एक जागा निघाली आणि आम्हा दोघांनाही बोलावणे आले. माझा अर्ज निर्दोष होता. त्याच्या अर्जात तीन ठिकाणी उपपदे गाळलेली होती; मला ठाऊक होते, कारण तो त्याने मला दाखवला होता. आत कोट घातलेले एक अधिकारी बसले होते. त्यांनी इंग्रजीत विचारले, तुम्हाला कामगारांमध्ये काम का करायचे आहे? प्रश्न मला स्वच्छ कळला. उत्तरही माहीत होते. माझे वडील गिरणीत होते, पाळी संपवून घरी आले की कानात कापसाचे तंतू घेऊन जेवायला बसत, हे मला सांगायचे होते. पण ते सांगायला दोन गौण वाक्ये लागत होती, आणि ती एकात एक बसेनात. मी मनातल्या मनात तुमच्या पायरीवर जाऊन बसलो. साहेबांनी पंख्याकडे पाहिले, नंतर घड्याळाकडे पाहिले, नंतर सभ्यपणे म्हणाले, “ऑल राइट, यू मे गो.” वाक्य तयार झाले तेव्हा मी गिरणीच्या फाटकाबाहेर होतो. जागा त्याला मिळाली. माझे अक्षर आणि मसुदा पाहून मला टाइम ऑफिसात हजेरीच्या कामाला घेतले. त्यानंतर त्याच्या सहीने गेलेले प्रत्येक इंग्रजी पत्र माझ्या टेबलावरून गेले. “मास्तर, जरा बघा की एवढं,” म्हणून तो कागद पुढे करी, आणि मी बघत असे. कामगारांच्या घरी लग्न निघाले की पहिली पत्रिका त्याला जाई. माझ्याकडे लोक फक्त कापलेली हजेरी विचारायला येत.

आता सुनेचे. ती वळसंगची. शाळा मराठीतली, गावात अर्धे बोलणे कानडीत. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिचे ‘आहे’च्या जागचे ‘हाय’ सुधारतो आहे. ती “बरं मामा” म्हणते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘हाय’ म्हणते. घर सांभाळून तिने एमबीए केले, एचआरमध्ये, आणि गुण चांगले मिळवले. पण दोन ठिकाणच्या मुलाखतीत इंग्रजीपाशी अडली. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तिसऱ्या ठिकाणाहून बोलावणे आले तेव्हा तिने त्याला सांगून टाकले की या वेळीही जमले नाही तर मी मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, घेऊन पुण्यालाच येते. म्हणजे हे घर, आणि घरात मी एकटा. मुलगा मलाही चला म्हणाला; परंतु त्याच्या दोन खोल्यांत मी कुठे मावणार हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तेव्हा तिला नोकरी मिळणे ही तिच्याइतकीच माझी गरज होती, हे लक्षात घ्या. मी तिला रोज दुपारी समोर बसवू लागलो. स्वतःविषयी सांगा, या प्रश्नाचे उत्तर मी तिला लिहून दिले. असे उत्तर की त्यातला एक स्वल्पविराम तुम्हाला हलवता आला नसता. ती दुसऱ्या वाक्यावर थांबे. मी म्हणे, “घाई करू नकोस. आधी वाक्य तयार कर.” ती टेबलाच्या कडेवर बोटे ठेवून पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करी. एके दिवशी तिने पुस्तक मिटले आणि हसून म्हणाली, “मामा, तुमी सांगताय ते बरोबरच हाय की. पण तुमच्यासमोर बसलं की येतंय तेवढं बी जातंय.”

दुसऱ्या दिवसापासून तिने अभ्यास शेजारणीकडे नेला. ही शेजारीण तेलुगू विणकराच्या घरातली. शेंगांची चटणी करून विकते. तिचे इंग्रजी म्हणजे मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत कानावर पडलेले आणि मोबाइलवर पाहिलेले. दोघी तिच्या पडवीत उखळ मध्ये घेऊन बसत आणि इंग्रजीतच बोलत. चुकले तरी हरकत नाही. पण थांबायचे नाही, आणि जिच्या तोंडून मराठी शब्द गेला तिने मुसळ हातात घ्यायचे. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे, आणि तीही जाड नाही.

“गार्लिक फिनिश. मार्केट गोइंग, बट गार्लिक लई—”

“लई म्हणालीस! धर मुसळ!” शेजारीण ओरडे.

आणि धप्, धप्, आणि त्यावर दोघींचे हसणे. प्रत्येक वाक्यात क्रियापदाचा खून पडलेला. मी वर्तमानपत्र धरून बसे आणि एक ओळ वाचली जात नसे. चुकांनी मी अस्वस्थ होतो असे मला वाटत होते. तसे असते तर मी खिडकी लावून घेतली असती. मी ऐकत होतो ते हसणे. न राहवून एकदा मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि एक काळ दुरुस्त केला. शेजारीण मुसळ थांबवून म्हणाली, “काका, तुमी आत जा की. तुमी दारात आलं की हिचं इंग्लिश बंद पडतंय.”

“आणि तुमचे?”

“माझं काय बंद पडतंय? मला येतंच कुटं!”

सून पदराने तोंड झाकून हसत होती. मी घरी आलो. दाराकडे बोट दाखवून मला बाहेर काढणारे तुम्ही एकटेच होतात, आता दुसरी भेटली. फरक एवढाच की तिने वाक्य घेऊन परत ये असे सांगितले नाही.

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेलो. मुलगा नव्हता, आणि रिक्षाने एमआयडीसीपर्यंत तिने एकटीने जावे हे मला प्रशस्त वाटेना. फाटकाजवळच्या बाकावर मी बसून राहिलो. नोकरी लागू दे, असे मी मनापासून म्हणत होतो. आणि तिने गप्प बसून यावे, मी बसलो तसे, असेही काही तरी त्याच्या खालून वाहत होते. दोन्ही एकाच माणसाच्या मनात कशी राहतात हे मला कळत नाही, पण राहिली. ती बाहेर आली ती चेहऱ्यावर काही न दाखवता. घरी पोहोचल्यावर शेजारीण आली, चहा झाला, आणि मग सुनेने ओट्याला टेकून सगळे सांगितले.

“तिघं होते. मधले साहेब दिल्लीचे, त्यांना मराठी येतच न्हाय. पयलाच प्रश्न असला भराभर टाकला, मला काय बी कळलं न्हाय. मी म्हणलं, सर, स्लोली प्लीज. माय इंग्लिश इज वॉकिंग, नॉट रनिंग.”

“अगं बाई! मग?” शेजारणीने विचारले.

“हसले की. मग सावकाश विचारले. एक कामगार बाई रोज उशिरा येती, तर तुमी काय करणार? मी म्हणलं, फर्स्ट आस्क. सोलापूर वॉटर नॉट डेली कमिंग. व्हेन वॉटर कम, ऑल लेडीज लेट. दिल्लीच्या साहेबांना हे म्हाइतच न्हवतं. बाजूच्या मॅनेजरना विचारले, खरं का? ते म्हणले, खरं हाय. मग त्यांनी लिहून घेतलं.”

“आणि काही विचारलं?” हे मी विचारले.

तिने शेजारणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “मामा, रागावू नका हां. साहेब म्हणले, तुमचं इंग्रजी कच्चं हाय, तरी तुमाला भीती कशी वाटत न्हाय? मी म्हणलं, माय फादर-इन-लॉ व्हेरी बिग इंग्लिश. आय फिअर हिम. आफ्टर हिम, यू नो फिअर.”

शेजारीण हसून खाली बसली. मीही हसलो, कारण हसणे प्राप्त होते. तिघेही साहेब खूप हसले, म्हणे. एकाचा चहा बशीत सांडला. निघताना त्यांनी तिला सांगितले की बोलणे येईल हळूहळू, लिहिण्याचे काय करणार? “मी सांगून आले, लिहायचं मामा बघतील.” दोन दिवसांनी होकार आला. नात पुण्याला जाणार नाही, घर रिकामे होणार नाही, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा असेल. आणि सर, परवा तिने पहिली सूचना माझ्यापुढे ठेवली, कँटीनच्या वेळेची. “मामा, जरा बघता का?” मी बघितले. चार चुका होत्या. त्या दुरुस्त करताना मला टाइम ऑफिसातले माझे टेबल दिसत होते. एका आयुष्यात दोन माणसांच्या सहीमागे बसण्याची पाळी माझ्यावर यावी, आणि दोघांचेही क्रियापद चुकलेले असावे! तिच्याविषयी मला माया आहे. ती कष्टाळू आहे, माझे पथ्य सांभाळते, माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाही. पण ती जे त्या खोलीत सहज म्हणाली, कळले नाही, हळू बोला, ते चार शब्द मला माझ्या वयाच्या कोणत्याच वर्षी म्हणता आले नाहीत. मला तर प्रश्न कळलाही होता. तो वर्गमित्र तुमचा लाडका होता म्हणून त्याला मिळाले, असे मी स्वतःला समजावून ठेवले होते. ही तर तुम्हाला भेटलीही नव्हती.

आज रविवार. कारखान्यात कामगारांच्या कुटुंबांसाठी कार्यक्रम आहे, आणि दिल्लीच्या साहेबांनी तिला आवर्जून सांगितले की तुमच्या त्या सासऱ्यांना घेऊन या, मला भेटायचे आहे. चार दिवस ती आठवण करते आहे. “मामा, साहेब तुमची वाट बघत्यात.” मी सकाळी सांगितले की गुडघा धरला आहे, तिथला जिना चढवणार नाही. तिचा चेहरा पडला, पण वाद घातला नाही. गरम पाण्याची पिशवी भरून माझ्या पायाशी ठेवली, भाकरी झाकून ठेवली, आणि नातीला व शेजारणीला घेऊन रिक्षाने गेली. शेजारीण माझ्या जागी साहेबांशी बोलेल, आणि ते हसतील.

हे पत्र टाकायला पत्ता उरलेला नाही. तुमच्या बोळातल्या घराच्या जागी आता कापडाचे दुकान आहे. पत्ता असता तरी मी टाकले नसते. कार्यक्रमाला गेलो तर साहेब मला पाहून हात पुढे करतील आणि पहिल्यांदा काय विचारतील हे मला पक्के ठाऊक आहे. कसे आहात, असे विचारतील. याचे उत्तर इंग्रजीत तीन-चार प्रकारे देता येते, आणि त्यांतले सर्वांत योग्य कोणते याचा मी सकाळपासून विचार करतो आहे. पिशवीतले पाणी निवले आहे. गुडघ्याला काहीही झालेले नाही, सर.