शुक्र पाठीमागं होता

वरकुटे, मंगळवार, दिवेलागण

सही केली नाही. त्यांनी लिहिलंय तसं तर मरेपर्यंत करणार नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या उसावर एक तांबडा उजेड येऊन थांबला होता. इंदापूरला पोलीस ठाण्यात जाऊन मीच तसं लिहून दिलं. म्हणून आज दुपारी लष्कराचे दोन साहेब चौकशीला आले. मी बोलायच्या आधीच त्यांनी आणलेल्या जबाबाच्या कागदावर छापलेलं: 'शुक्र ग्रह दिसला.'

शुक्र? तो तर माझ्या पाठीमागं होता, मावळतीला! उजेड उगवतीला.

सासरे म्हणाले, "सूनबाई, कर की सही. लांबनं आल्यात."

मी म्हटलं, "साहेब, माझं वडील पहाटं शुक्र बघून मेंढरं उठवायचं. त्यांच्यामागं चालत मी मोठी झाले. शुक्र मला नका शिकवू."

मोठे साहेब हसले. "मग काय होतं ते?"

"मला न्हाय ठावं. ते शोधायलाच तुमी आलाय न्हवं?"

हसू गेलं. कागद ठेवून गेले, उद्या न्यायला येतील.

आत्ता अंगणात जाऊन बघितलं. शुक्र मावळतीलाच आहे, उसाकडं तोंड केलं की पाठीमागंच. आत आले, 'शुक्र ग्रह' खोडलं, वर लिहिलं, 'काय ते माहीत नाही.' आणि खाली ठसठशीत सही केली.