खोक्यामागची ऊब

मंगळवार, ६ जाने.
आज परत बंद पडला. तिसऱ्यांदा. मी सांगायलेय, नात लिहायलीय. मला अक्षर येत नाय. हिला येतं, पण तोंड असं करून बसलीय की पेन मोडल. (आज्जी, हे कशाला? – मुक्ता.) सांगितलं ते लिहायचं.
शनिवारी कांप्युटरात नवं कार्ड बसवलं, चित्रं झपझप व्हावीत म्हणून. तवापासून चालता चालता पडदा निळा होतो, ऐन दुपारच्या आभाळावानी, आणि मग काळा. मु. पुण्याच्या हापिसासाठी घरं बांधती. विटा नाय, वाळू नाय, गवंडी नाय. नुसती चित्रातली घरं, आत हिंडता येणारी. मी विचारलं, पायाभरणी कधी करायची, वास्तुशांत कधी?

बुधवार, ७
दोनदा.
हापिसाचा फोन. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांची फिल्म पायजे, नायतर घरून काम बंद, पुण्यात येऊन बसा. मु. गेली तर मला बजाजनगरला लेकाकडं जावं लागंल. तिसरा मजला. गुडघे माझे, जिना त्यांचा.
थंडी लई. माझी बाज टेबलामागं, तरी दुपारी झोप अशी लागली की काय सांगू. सपान पडलं. कापसानं भरलेली बैलगाडी, वर मी, पाय कापसात खुपसलेले, उबदार. गाडी मु.च्या घरांमधून चाललेली. कुठं माणूस नाय. ओट्यावर डबे नायत, दोरीवर लुगडं नाय. हाकणाऱ्याची नुसती पाठ दिसती. माझे आबा असतील, नायतर आमचे हे. तो मान वळवायला आणि मु. ओरडायला एकच गाठ: “गेला!”

शुक्रवार, ९
औरंगपुऱ्यातले सलीमभाई आले, कार्ड बसवलं तेच. खोकं उघडलं, आतली एक पट्टी काढली आणि खोडरबरानं घासली. “अम्मा, अब देखो. एकदम टंच.”
मी म्हणलं, शाळेत गेले असते तर खोडरबराचा एवढा उपेग तरी कळला असता.
ते गेले. मी जरा आडवी झाले. परत गाडी, परत कापूस, परत “गेला!” संध्याकाळी येऊन खोकंच उचलून नेलं दुकानात.

रविवार, ११
दुकानात दोन दिवस अखंड चालला म्हणं. घरी आणला, जेवणं झाली, मी बाजेवर टेकले, अर्ध्या तासात आभाळ निळं. सलीमभाईंना म्हणलं, लेकीवानी वागायलाय. माहेरी ठणठणीत, सासरी आली की चक्कर. हसले नायत. करंट देणारा आतला डबा नवा टाकला, भिंतीतला बोर्डपण बदलला.
मु. मोरीत जाऊन रडली, नळ सोडून. नळाला पाणी नव्हतं, म्हणून ऐकू आलं. (हे लिहायचं नाही. – मु.) लिहिलंस की.

मंगळवार, १३. भोगी.
दिवसभर शेजारच्या कुलकर्णीबाईंकडं. त्या रिटायर मास्तरीण, भाकरी मात्र माझ्याकडून थापून घेतात. तीळ लावून बाजरीच्या बारा थापल्या. चारला घरी आले तर मु. नाचायली: “आज्जी, सकाळपासून एकदापण नाही गेला!”
आडवी झाले. साडेचारला गेला.
“आज्जी, तुझा पायगुण,” म्हणून मु. हसली. मी नाय हसले.

बुधवार, १४. संक्रांत.
आज कुलकर्णीबाई लिहायल्यात. मु.ला दाखवायचं नाय. बाई, मी लई म्हणलं तर लईच लिहा, फार नको.
तर असं. नवं कार्ड बसल्यापासून खोक्याच्या पाठीतून गरम हवा येती. पहिल्याच दिवशी पायांना कळलं. मी बाज सरकवली, पाय तिथं लावले, वरून गोधडी ओढली, हवा वाया जाऊ नाय म्हणून. खोक्याची सगळी पाठ झाकली. बारा वर्षांत पाय एवढे उबदार नव्हते झाले. ते तापलं की मला सपान, आणि त्याला चक्कर.
काल संध्याकाळी कळलं. आज दुपारी तरी पाय तिथंच नेले. एकदा त्या गाडी हाकणाऱ्याचं तोंड बघू द्या, मग सांगते, असं मनात. पोरगी गेली तर जिने मलाच चढायचेत, हे कळत असून. बाई म्हणाल्या, “तुम्ही लहान आहात का?” म्हणलं, पायांचं वय वेगळं असतं.
तोंड नाय दिसलं. आज एकदाच गेला, पण पाच तासांचं काम घेऊन गेला.

गुरुवार, १५
सांगितलं. शिळ्या संक्रांतीचा तिळगूळ हातावर ठेवला आणि सांगितलं. (मी लिहितेय. – मु.) तिनं उठून खोक्यामागं हात घातला. जाळीत गोधडीचा कापूस, मूठभर. सलीमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, “दुकान में अम्मा नहीं थे ना!” आणि एवढे हसले की फोन लांब धरावा लागला.
बाज खिडकीखाली नेली. तिथं वारं लई. जाळी पुसली.
संध्याकाळी सातला परत गेला. मी तेव्हा मोरीत होते, पाय माझ्याजवळ.
“म्हणजे मी नव्हते का गं?”
“होतीस, पण सगळी नाही.” मु. आता रागावलीय की नाय, कळत नाय. गोधडी मात्र दुहेरी करून पायावर टाकली.

शुक्रवार, १६
कुलकर्णीबाई लिहायल्यात. हळू बोलायचंय.
पहाटेपासून एकच काम लावलंय, फिल्म तयार व्हायचं. पडद्यावर एक पट्टी, ती हळूहळू भरती. शेवटपर्यंत भरली की झालं, एवढं मु.नं समजावलं. सहाच्या आत पुण्याला पाठवायचंय. दुपारी पट्टी अर्ध्याच्या पुढं होती. तीनला मु. टेबलावरच डोकं टेकून झोपली. तीन दिवस धड झोप नाय पोरीला.
मी झोपले नाय. पट्टीवर नजर. मधी जरा डुलकी आली असंल.
आता चार वाजलेत. पट्टी नाय. तिच्या जागी एक चौकट आलीय, आत दोन ओळी, झालं म्हणतायत की गेलं, मला काय कळतं. निळं नाय, काळं नाय. खोकं घुमायलंय.
बाई म्हणतायत, इंग्रजी आहे, वाचू का? पर्समध्ये चष्मा शोधायल्यात.
थांबा बाई. सहाला अजून अवकाश आहे. पाच मिनिटं झोपू द्या तिला, मग वाचा.