खोकं पुढे, मी मागे

२ डिसेंबर १९९७, सांगली, लॉज

शाळाशाळांतून नकाशे, तक्ते आणि पृथ्वीचे गोल विकणाऱ्या माणसाला प्लॅनिंग कुणी शिकवायची गरज नसते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मला तोंडपाठ आहेत. तरी अनसूया आज फोनवर म्हणाली की तुम्हाला स्वतःच्या घराचा रस्ता तेवढा सापडत नाही. ऐकून घेतलं. फोन शेजारच्या हरणाबाईंचा. त्या तिथंच उभ्या असणार. बायकोशी वाद शेजारणीच्या फोनवर घालू नये.

मग मयूरी फोनवर आली. दहा जानेवारीला, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता गॅदरिंग आहे. चौथीच्या नाटुकल्यात ही एसटीची कंडक्टर झाली आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही याच, आणि येताना जुनी तिकिटं आणा. मागची दोन गॅदरिंग हुकली. दोन्ही वेळा सबळ कारणं होती. यंदा जाणारच. इथं लिहून ठेवतो : जाणारच.

तिकिटांचं हसू आलं. माझ्या शर्टात, पँटीत, बॅगेत तिकिटंच तिकिटं आहेत. पण दिवाळीनंतर पहिल्यांदा वाईला घरी जायचं आणि खिशातला कचरा न्यायचा? बापाला शोभेल असं काहीतरी पाहिजे.

४ डिसेंबर, सांगली

सापडलं! लॉजच्या टीव्हीवर केबल आहे. सकाळी एक गोरा माणूस हिंदीत वस्तू विकतो. ओठ वेगळं बोलतात, आवाज वेगळं बोलतो, पण माल चांगला वाटला. ऑटोमॅटिक कॅमेरा, फ्लॅशसकट. एक रोल फुकट, वर पाण्यातही चालणारं घड्याळ भेट. मयूरीचे स्टेजवरचे फोटो काढायचे. नुसतं जाऊन बघण्यात काय अर्थ आहे? बघितलेलं आपण विसरतो. फोटो राहतो.

एसटीडी बूथवरून ऑर्डर दिली. पलीकडच्या मुलीनं पत्ता विचारला. मी विचारलं, कुठल्या तारखेचा? मग तिला माझा सगळा कार्यक्रम समजावून सांगितला. कराड, उंब्रज, कुंडल, परत सांगली. ती म्हणाली, सर, एकच पत्ता द्या. या लोकांना ट्रेनिंग कमी पडतं. दहा-बारा दिवस लागतील म्हणाली, म्हणून कराडच्या लॉजचा पत्ता दिला. पैशांचा बँक ड्राफ्टही लगेच पाठवला.

संध्याकाळी अनसूयाला फक्त एवढंच सांगितलं की एक पार्सल मागवलंय. तिनं विचारलं, घरचा पत्ता का नाही दिला? घरी आलं तर सरप्राइज कसलं? बायकांना सरप्राइज कळत नाही.

१७ डिसेंबर, कराड

खोकं आलं नाही. उद्या उंब्रजला जाणं भाग आहे.

पण सिस्टिम लावून दिली. लॉजचे मॅनेजर सिद्धूअण्णा. त्यांना सांगितलं, आलं की थांबवून ठेवू नका, कंडक्टरच्या हातात द्या, माझ्या मागनं पाठवा. या पट्ट्यात जेवणाचे डबे, औषधं, कोंबड्या, नवरदेवाचे फेटे सगळं एसटीनं बिनबोभाट पोचतं. माझं खोकं का नाही पोचणार? कराड-वाई गाडीचा कंडक्टर धनाजी तर घरच्यासारखा आहे. पुढच्या सगळ्या मुक्कामांनाही तेच सांगून ठेवणार आहे. आलं की पुढे पाठवा.

पोस्टाला जे जमत नाही ते मी दोन चहांत जमवलं.

२२ डिसेंबर, कुंडल

कराडला फोन केला. सिद्धूअण्णा खुशीत. खोकं कवाच आलं आणि धनाजीच्या हाती उंब्रजला गेलंसुद्धा, म्हणाले. म्हणजे सिस्टिम चालते! फक्त मी इकडे कुंडलला आलोय. उद्या पहाटेच्या गाडीनं उंब्रजला जाऊन घेऊन येतो. इथल्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस आम्रपाली मॅडम. त्या म्हणाल्या, अहो, जरा एका जागी थांबा ना, ते आपणहून येईल. सज्जन बाई आहेत, पृथ्वीचा गोलही घेतला. पण फिरतीचा अनुभव नाही.

२३ डिसेंबर, उंब्रज

नानासोंच्या चहाच्या हॉटेलात पोचलो. माझा मुक्काम त्यांच्याच माडीवर असतो. खोकं सकाळीच कुंडलच्या गाडीत घातलेलं. मी तिकडून येताना ते मला वाटेतच कुठंतरी क्रॉस झालं. मी जरा आवाज चढवला. नानासो शांतपणे म्हणाले, "आवं सायेब, तुमीच म्हनला हुता न्हवं, थांबवू नगा म्हनून? लय मोलाचं दिसलं, म्हनून डायव्हरच्या मांडीशी ठिवलं."

चहा मात्र फार गोड होता.

२८ डिसेंबर, इस्लामपूर

कुंडलला फोन. मॅडमनी खोकं सांगलीच्या लॉजवर रवाना केलंय. तुम्हीच तसं सांगून गेला होता, म्हणाल्या. हो, सांगून गेलो होतो. या दोन जिल्ह्यांत एक माणूस आळशी निघाला असता तर माझं काम झालं असतं.

घरी फोन. मयूरीनं विचारलं, तिकिटं ठेवलीत का? मी म्हटलं, त्याहून भारी वस्तू आणतोय. म्हणाली, म्हणजे तिकिटं नाहीत? मी म्हटलं, वेडाबाई, तिकिटांचं काय घेऊन बसलीस! बरं, म्हणाली, मी वहीच्या कागदाची कापते.

समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१ जानेवारी १९९८, इस्लामपूर

नव्या वर्षाचे संकल्प.

रोज रोजनिशी. चहा अर्धा. गॅदरिंगच्या आदल्या दिवशीच वाई. खिसे रिकामे करणे (तिकिटांमुळे शर्ट फुगलेला दिसतो).

५ जानेवारी, सांगली

खोकं इथंही नाही. काउंटरवरचा अर्जुना म्हणाला, सायेब धा तारखेला घरी जानार हाईत हे मला ठावं हुतं, म्हून शनवारीच कराडला धनाजीकडं धाडलं, त्यो वाईला घरपोच दील. अक्कल चालवायला कुणी सांगितलं होतं? सरप्राइज गेलं. पण ठीक आहे. कॅमेरा घरी माझी वाट बघत असेल. आपण नुसतं जायचं आणि फोटो काढायचे.

बरं वाटायला हवं होतं. तसं काही विशेष वाटलं नाही. जेवलो, झोपतो.

९ जानेवारी, कराड

आज वाईला जायचा संकल्प होता. एका शाळेनं मानवी सांगाड्याचा तक्ता उलटा लागला म्हणून तक्रार केली, त्यात दुपार गेली. खिळा त्यांनीच पायाच्या बाजूला मारला होता. उद्या सकाळी निघतो. पाचला गॅदरिंग. भरपूर वेळ आहे.

१० जानेवारी, सातारा स्टँड, दुपारी साडेबारा

धनाजी भेटला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "सायेब, तुमचं खोकं काल घरी न्हेलं. पर घरनंच सांगितलं, हितं नगं, सांगलीला पाठवा. म्या सोताच्या हातानं सांगलीच्या गाडीत चढीवलं. काय काळजी करू नगा."

घरनंच! म्हणजे अनसूया. राग माझ्यावर आणि काढला खोक्यावर.

धनाजी म्हणाला, माझी गाडी वाईलाच निघालीया, चला की. पोरीचं नाटक हाय न्हवं आज? मी बी जानार हाय बगायला, ड्युटी तिथंच सुटतीया. गाडीचं दार उघडं होतं. खिडकीची जागाही होती.

विचार केला. वाई इथून तासाभरावर. पण कॅमेऱ्याशिवाय जाऊन तिथं करायचं काय? हात हलवत बसायचं? त्यापेक्षा आत्ताची सांगलीची गाडी धरली तर चारपर्यंत खोकं हातात. लगेच परत फिरलो तर नऊ-साडेनऊला वाई. गॅदरिंग कधी वेळेवर सुरू होतात? अध्यक्षांचं भाषण, बक्षिसं, पहिलीची कोळीनृत्यं. चौथीचा नंबर उशिराच लागणार.

धनाजीला म्हटलं, तू हो पुढे. त्यानं बेल मारली.

त्याच दिवशी, सांगली, संध्याकाळी पाच वाजता

खोकं मिळालं. कोपरे चेपलेत, सुतळी चार गावांची आहे. आत कॅमेरा ठीक. घड्याळ बंद.

आत्ता पडदा उघडला असेल.

परतीची गाडी सव्वापाचला आहे. पोचतो की.

११ जानेवारी, वाई, घरी

काल साताऱ्याच्या पुढे गाडी मिळाली नाही. रात्र स्टँडवर बसून काढली. पहिल्या गाडीनं सकाळी पोचलो.

अनसूयानं पोहे दिले. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती. शेवटी मीच विषय काढला, खोकं का परत पाठवलंस? ती म्हणाली, मी तेव्हा बाजारात होते. दार मयूरीनं उघडलं.

मयूरी तिथंच गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, त्यावर तुमचं नाव होतं. मी धनाजीकाकांना सांगितलं, बाबा इथं राहत नाहीत, सांगलीला पाठवा.

रागानं नाही म्हणाली. पत्ता सांगावा तसं म्हणाली.

नाटक छान झालं म्हणे. खोकं आणलं त्या दिवशी धनाजीनं तिची कागदाची तिकिटं बघितली आणि खऱ्या तिकिटांचा जुना गठ्ठा आणि स्वतःची जुनी चामडी पिशवी देऊन गेला. काल पहिल्या रांगेत बसला होता. पुढे मयूरीनं विचारलं, काका म्हणाले, तुम्ही दुपारी साताऱ्यात होता? मी हो म्हटलं. मी खिशात हात घालून तिकिटं काढली आणि टेबलावर ठेवली. बराच ढीग झाला. ती म्हणाली, आता नकोत, झालं ना नाटक.

मग कॅमेरा दिला. कंडक्टरचे कपडे परत घाल, फोटो काढू, म्हटलं. ते भाड्याचे होते, सकाळीच परत गेले. मग तिनं कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही दारात उभे राहा. उभा राहिलो. बॅग खाली ठेवू का, विचारलं. राहू दे, म्हणाली. फ्लॅश पडला.

कुणासाठी गं, विचारलं. घरात ठेवायला, म्हणाली.

म्हणजे कॅमेरा आवडला तिला. उद्या उंब्रज. साडेसहाची गाडी.