नंबर विकायचा नाही

आधी तक्रार. परवा मी चुलीपुढे जिवंत बसलेली असताना माझा मुलगा गोम्बो माझ्या फोनच्या नंबराला गिऱ्हाईक घेऊन आला. जीपवाला जामस्रान. त्याच्या गाडीच्या पाटीशी माझा नंबर जुळतो म्हणे. माझ्याच हातचा चहा पीत तो विचारतो, "आजीचं काही बरंवाईट झालं, की नंबर किती दिवसांत मिळेल?" आणि माझा मुलगा म्हणतो, "हळू बोल, तिला ऐकू येतं."

येतं, बाबा. म्हणून तर हे लिहिते आहे.

मी, चुलुनची लेक एनेबिश, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा खानावळ, राहणार झामिन-ऊद, मंगोलिया-चीन सीमेच्या फाटकाजवळ, माझ्या मागे काय कोणाला जावं ते स्वहस्ते लिहून ठेवते. अक्कलहुशारीने लिहिते असं म्हणायची रीत आहे. अक्कल बेताची, हुशारी त्याहून कमी. पण शुद्धीत आहे, प्यायलेली नाही, आणि पाठीमागे कोणी धाक घालायला उभं नाही. सून ओयुन उभी आहे, हातात लाटणं आहे, पण ती कणकेसाठी. अक्षर वाकडं दिसेल. तिसरीत असताना वसतिगृहातून उंटावर बसून पळाले, तेव्हापासून अक्षराला वळण लावायला मी कोणाच्या हाती लागले नाही.

माझ्या नावाचा अर्थ 'ही नव्हे'. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून भुतांना चकवायला आईने ते ठेवलं. भूत दाराशी येऊन विचारणार, "न्यायची ती हीच का?" उत्तर मिळणार, "ही नव्हे." भुतं साधी होती बिचारी, परत गेली. हल्लीची भुतं अत्तर लावून येतात, आईसाठी भेट आणतात आणि पोरीचा पासपोर्टही स्वतः काढून देतात.

कलम पहिले. खानावळ व मागच्या दोन खोल्या गोम्बो आणि ओयुन यांना समाईक. एकट्याने विकता येणार नाहीत. दोघांचं एकमत आजवर झालेलं नाही, म्हणजे त्या सुरक्षित आहेत. उंट एकट्या गोम्बोला. स्वभाव जुळतो; ओझं दिसलं की दोघेही खाली बसतात.

कलम दुसरे. माझा तंबू, त्याचे लोकरीचे नमदे, लोखंडी शेगडी आणि चांदीची वाटी नांदिनला. नांदिन रक्ताने माझी कोणी नव्हे. दहा वर्षांपूर्वी, सोळाची असताना, तिला सीमेपलीकडे एरेनला हॉटेलात वाढण्याच्या कामाला म्हणून नेलं. हॉटेल होतं, काम वाढण्याचं नव्हतं. पहिल्याच दिवशी फोन आणि पासपोर्ट काढून घेतला. माणसांचे नंबर फोनात होते, ते फोनाबरोबर गेले. डोक्यात एकच उरला, माझा, कारण तो खानावळीच्या भिंतीवर रंगवलेला होता, येता-जाता तिला दिसायचा. नंबर घेताना फोनच्या दुकानातल्या पोरीला मी म्हटलं होतं, "उंटाच्याही लक्षात राहील असा दे." तिने दिला. सगळे आकडे सारखे, शेवटचा तेवढा वेगळा. फोनवरून मटणाच्या ऑर्डरी घ्याव्यात असा माझा मोठा व्यापारी बेत होता. ऑर्डर एक आली नाही. त्या हॉटेलातल्या झाडूवालीचा फोन घेऊन नांदिनने मला फोन केला.

मी विचारलं, "किती प्लेट?"

ती म्हणाली, "आजी, मी कुठे आहे ते मला कळत नाही."

मी म्हटलं, "मग पोचवायचं कुठे? खिडकीतून काय दिसतं ते तरी सांग."

एका छपरावर भला मोठा लाल बूट दिसत होता. त्या बुटावरून राजधानीतल्या बायकांच्या संस्थेने आणि दोन्हीकडच्या पोलिसांनी तिला शोधून काढलं. मी काही केलं नाही. मी गिऱ्हाईकाचा पत्ता विचारत होते. पण पोरींमध्ये माझा नंबर तोंडोतोंडी गेला तो गेलाच. घाबरलेल्या माणसाला संस्थेचा नंबर आठवत नाही, माझा आठवतो.

कलम तिसरे. संस्थेने दिलेलं मानपत्र संस्थेला परत. काच तडकलेली आहे. मी ते पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरत होते. मानपत्राच्या वेळी संस्थेच्या उर्नाबाईंनी विचारलं, "आजी, पोरी नेणारा माणूस ओळखायचा कसा?" मी ऐटीत सांगितलं, "सोन्याचे दात, काळा चष्मा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नांदिनला नेणारी तुया माझ्याच खानावळीत बसायची. चष्मा नाही, दात पांढरे. मला आई म्हणायची, माझ्या गुडघ्यांना मलम आणायची. ओयुन तेव्हा भांडून माहेरी गेली होती, आणि मी शहाणी गोम्बोला सांगत होते, "बघ, हिच्या जिभेवर कसा मध आहे. ओयुनला राहू दे तिकडेच." म्हणजे मुलगी पळवणारीला मी सून करायला निघाले होते. तुया तुरुंगात आहे. उरलेलं अर्धं मलम तिला पोचतं करावं. गुडघे अजून दुखतात.

कलम चौथे. परत आलेल्या पोरीविषयी "गेलीच कशाला मुळात?" असं जो खानावळीत बसून म्हणेल, त्याच्यापुढचं ताट उचलावं, घास तोंडाशी असला तरी. गोम्बोने हयगय केल्यास उंट ओयुनला.

कलम पाचवे, आणि खरं तेच. फोन.

यंदाच्या नव्या वर्षाच्या सणापासून सीमेपलीकडून एक फोन येतो. कोणी बोलत नाही. श्वास ऐकू येतो, मग बंद. गोम्बो म्हणतो राँग नंबर. राँग नंबरवाला रडं गिळत नाही. मी दर वेळी उर्नाबाईंनी शिकवल्याप्रमाणे बोलते, "बाळा, घाबरू नकोस, मी तुझ्या आजीसारखी आहे." जन्मात प्रथमच गोड बोलले, आणि दर वेळी तिने फोन ठेवला. माझ्या अकलेत उशिरा शिरलं. तिला नेलं ते गोड बोलूनच. माझा आवाज ऐकून तिला दुसरी तुयाच भेटत असणार.

गेल्या महिन्यात मी दात काढायला गेले असताना फोन वाजला. ओयुन खूशूर, म्हणजे मटण भरलेल्या पुऱ्या, तळत होती. खांद्यात फोन धरून ती ओरडली, "कोण गं? बोल की! तोंडात वाळू भरलीय का? गोम्बो, तो झारा दे आधी! आणि तू गं, जेवलीस का काही?"

पलीकडून पहिल्यांदा आवाज आला, लहान पोरीचा. "काय तळताय?"

"खूशूर. तुला किती ठेवू?"

"दोन."

आणि फोन बंद.

तेव्हापासून ओयुन रोज दोन खूशूर बाजूला काढते. मी विचारलं तर म्हणते कुत्र्याला. आमच्याकडे कुत्रा नाही.

सबब, सदर नंबर विकणे, भाड्याने देणे वा बदलणे यास कायमची मनाई आहे. तो नांदिनला देत नाही. घंटा वाजली की अजून तिच्या हातातली बशी पडते. गोम्बोला देत नाही. तो माझा मुलगा आहे, मला माहीत आहे. नंबर, फोन आणि चार्जर ओयुनला. या बाईने वीस वर्षं मला एक गोड शब्द ऐकवला नाही. तो गुण या घरात एवढ्यासाठीच आला असावा. तिने आवाज मऊ करू नये. पोरगी कुठे आहे ते विचारायच्या आधी खिडकीतून काय दिसतं ते विचारावं, आणि त्याच्याही आधी जेवणाचं. मग लगेच उर्नाबाईंना कळवावं. शूरपणा करून स्वतः पलीकडे जाऊ नये, लाटण्याने सीमा ओलांडता येत नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला पटला, हे विशेष.

सही: एनेबिश

साक्षीदार:
१. नांदिन. शुद्धलेखन तिने तपासलं, नको तिथे हसली.
२. डोंडोग, रेल्वेचा निवृत्त सांधेवाला. ऐकू कमी येतं, सही चांगली करतो.

ठिकाण: झामिन-ऊद. तारीख: १७ एप्रिल २०१९.

हे वाचून दाखवलं जात असताना फोन वाजला, तर वाचणाऱ्याने थांबावं, रडणाऱ्यांनी गप्प बसावं, आणि ओयुन, फोन तू उचलायचास.