पायथ्याचं मीठ

बाबा, तू असतास तर मला शाबासकी दिली नसतीस. नुसतं 'हां' म्हणून बिडी पेटवली असतीस, आणि मला तेवढं पुरलं असतं. साहेबांनी आज संध्याकाळपर्यंत माफीचा मेल मागितलाय. तो लिहायला बसले आणि हे लिहितेय. माफी मी मागणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आमच्या लॅबमध्ये पावडरीचे कण मोजतात. पावडर मशीनमध्ये टाकायची, तिच्यावर लेसरचा प्रकाश सोडायचा, की कण केवढाले आहेत ते स्क्रीनवर रेषेत उमटतं. ते कसं करायचं हे काल मी वेबिनारमध्ये दाखवत होते. आपण इथे अलिबागला कॅमेऱ्यासमोर बोलायचं आणि कुठकुठली शिकलेली माणसं आपापल्या जागी बसून ऐकतात. आमच्याच कंपनीची पावडर होती आणि साहेबांनी नमुन्याची बाटली आधीच भरून ठेवलेली. कुठून घेतली विचारलं, तर म्हणाले, "ड्रममधून, वरवरची. ग्राफ छान येतो." अरे देवा! ट्रकमधून हादरत आलेला ड्रम तो, बारीक सगळं तळाला बसलेलं. वरचं दाखवायचं आणि अख्खा ड्रम असाच म्हणायचं?

मला आपलं मिठागर दिसलं. मी नऊ-दहा वर्षांची आहे, व्यापारी बांधावर उभा आहे, तू मला नमुना आणायला पाठवतोस. मीठ ओतलं की टपोरे खडे घरंगळत राशीच्या पायथ्याशी येतात, चुरा पोटात राहतो, हे मला पक्कं ठाऊक. मी पायथ्याचे खडे ओंजळीत घेऊन मिरवत येते, आणि तू त्या माणसासमोर माझ्या हातावर फटका मारतोस. "पायथ्याचा आनलास ना गो? जा, माथ्याचा आन, पोटाचा आन, सगला मिसल. राशीत हाय ते दाखव." व्यापारी मीठ न घेताच गेला. आई दिवसभर तुला बोलत होती, तू ऐकून घेतलंस. मी मात्र कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुझ्यासाठीच तर केलं होतं ना मी!

तर काल सगळ्यांसमोर मी ती बाटली बाजूला ठेवली. म्हटलं, हा नमुना ड्रमचा नाही, ड्रमच्या वरच्या थराचा आहे. मग वरून, मधून, तळातून पावडर काढली, मिसळली, मोजली. स्क्रीनवरच्या रेषेला एकाच्या जागी दोन उंचवटे आले, एक जाड कणांचा, एक बारीक चुऱ्याचा, चांगले ठसठशीत. साहेब चॅटवर लिहितायत, पुढे चला, पुढे चला. नाही गेले मी! नंतर म्हणाले, "कंपनीचं नाक कापलंत. माफी मागा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका." मी म्हटलं, मशीन खरं तेच बोलतं साहेब, आपण त्याला काय खायला घालतो ते बघा. नोकरी जायची तर जाऊ दे, मला दुसरी मिळेल.

तो मेल अजून कोराच आहे, आणि हे तरी कुठल्या पत्त्यावर पाठवू? पण एक राहिलं. वेबिनारच्या शेवटी ऐकणाऱ्यांतल्या एका बाईंनी विचारलं, नमुना असा घ्यायला तुम्ही कुठे शिकलात? एवढ्या तोऱ्यात बोलत होते मी, आणि म्हटलं, "एका जुन्या जाणकारांकडून." मिठागरात, माझ्या बापाकडून, एवढं म्हणायला तोंड उघडलं नाही. परत पायथ्याचंच दाखवलं मी, बाबा.